गेम लै अडकायलाय, भाऊ! : नवख्यांसाठी मार्गदर्शिका

‘अभ्यासाला लागतो’ असं सांगून कॉम्प्युटर घ्यायला लावला आणि आता त्यावर गेम अडकतो. ही तक्रार घरात करायची कुणाकडे? वडिलांच्या लेखी तो एमपीएससीच्या तयारीसाठी आहे. दुकानात न्यावा, तर तिथे सर्दीपासून मोडलेल्या हाडापर्यंत एकच औषध: ‘विंडोज मारून देतो.’ म्हणून ही मार्गदर्शिका. बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत कुणीही वापरावी. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पुढे क्रम मोडेल, तेव्हा कुरकुर करू नये.

पायरी पहिली: नेटला शिव्या द्या. सगळेच देतात, तुम्हीही देऊन मोकळे व्हा. मग नीट बघा. समोरचा गडी एका भिंतीआड नाहीसा होऊन भलत्याच भिंतीआडून उगवत असेल, तर दोष नेटचा. पण नुसती मान वळवली तरी सगळं चित्र झटके देत सरकत असेल, तर नेट बिचारं निर्दोष आहे. खात्री हवी असेल तर नेट बंद करून एकट्याने खेळायचा गेम लावा. तोही अडकला की समजायचं, दुखणं डब्यात आहे.

आता ते मोजा. ‘लै अडकायलाय’ हे माप नव्हे. विंडोजचं बटण आणि जी दाबलं की एक पट्टी उघडते, तिच्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम निघतात त्याचा, आकडा दिसतो. स्टीमच्या सेटिंगमध्येही तो चालू करता येतो. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक चित्र काढायला मशीनला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. 30 वर आलात की 33 मिलिसेकंद लागताहेत, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. आकडा वहीत लिहून ठेवा. हीच वही अभ्यासाची म्हणून दाखवता येते.

पायरी दुसरी: डब्याच्या मागे जा. ज्या पत्र्याच्या पेटीला आपल्याकडे सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, तिच्या पाठीमागे मोबाइलची टॉर्च मारा. वरच्या बाजूला यूएसबी आणि नेटच्या जागांजवळ एक एचडीएमआयची जागा असते, ती मदरबोर्डची. तिच्या खाली आडव्या पट्टीत आणखी दोन-तीन जागा असतात, त्या ग्राफिक्स कार्डच्या. मॉनिटरची वायर कुठे खोचली आहे? वर. आणि कार्डच्या जागेवर कंपनीतून आलेलं काळं प्लास्टिकचं टोपण अजून जसंच्या तसं बसलेलं आहे. म्हणजे कार्डचे पैसे मोजून झाले, पाहुण्यांना दाखवून झालं, आणि गेम मात्र प्रोसेसरमधल्या बारक्या ग्राफिक्सवर चाललाय. टोपण काढा, वायर खाली लावा. या एका कामाने जेवढा फरक पडतो, तेवढा ‘एफपीएस वाढवण्याच्या दहा ट्रिक’ सांगणाऱ्या कुठल्याच व्हिडिओने पडत नाही.

मागे गेलाच आहात तर डब्याला हात लावून बघा. बोटांना झिणझिण्या येतात का? येत असतील तर एफपीएस गेला खड्ड्यात, आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. ही पायरी विनोदात धरू नये.

पायरी तिसरी, आणि इथे जरा बसून बोलायला हवं, कारण बीडच्या निम्म्या तक्रारी हिच्यात निघतील. मे महिन्यात पारा 42 च्या आसपास. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही एक मर्यादा असते. प्रोसेसरची साधारण 95 ते 100 अंश. तिथे पोचलं की चिप जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करते. ओळखायची खूण सोपी आहे: पहिली दहा मिनिटं गेम मख्खन, मग रडारड. सुरुवातीपासूनच अडकत असेल तर ते दुसरं दुखणं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 2015 साली थंड करायला पाणी उरलं नाही, तेव्हा परळीचं अख्खं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. तुमच्या पेटीत तर तळहाताएवढा पंखा आहे, आणि त्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी.

डब्याचा पत्रा उघडा. हीटसिंकच्या बारीक पट्ट्यांमध्ये राखाडी नमदा बसलेला दिसेल. तो मऊ ब्रशने काढा. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणायची कल्पना सगळ्यांना सुचते; त्या हवेत पाण्याचे तुषार असतात आणि जोरही अघोरी असतो. मारायचीच तर लांबून मारा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा, मटाराच्या दाण्याएवढी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. हा काही लग्नातला वरण-भात नाही.

डबा गवतीच्या कूलरसमोर ठेवणाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना: ठेवू नका. ओलसर वाऱ्यात धूळ चिकटून बसते, आणि तुषार उडाले तर मार्गदर्शिकेचं काम संपलं, भंगारवाल्याचं सुरू. पलंगाखालीही नको. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, एवढं पुरे.

आता क्रम मोडतो.

व्होल्टेजचं काय, असं कुणीतरी विचारणारच. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं म्हणून डेस्कटॉपच्या फ्रेम कमी होत नाहीत. डब्यातल्या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस खाली-वर सांभाळून घेतो, आणि झेपेनासं झालं की सरळ मशीन बंद पडते. लॅपटॉपचं वेगळं आहे. लाइट गेली, तो बॅटरीवर गेला आणि त्याने ग्राफिक्सची वीज कापली, की 60 चे 25 होतात. लाइट येईपर्यंत खरंच अभ्यास करा.

खोडरबरने रॅम पुसणे हाही आपल्याकडचा मोठा संस्कार आहे. स्क्रीन काळीच राहत असेल, डबा टीटी वाजत असेल तर त्याचा उपयोग होतो. एफपीएस त्याने वाढत नाही. वाढवायचाच तर आठ जीबीची एकच पट्टी आहे का ते बघा. तशीच दुसरी लावून दोन्ही योग्य खाचांत बसवल्या, तर वेगळं कार्ड नसलेल्या मशीनवर गेम उठून बसतो.

महा ई-सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर रात्री शटर ओढून खेळणाऱ्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं; मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी उघडते. जुलैच्या शेवटी तर तिथे काय सापडणार नाही! पीकविम्याच्या पोर्टलच्या तीस टॅब, सातबाऱ्याच्या पीडीएफ, प्रिंटरची तीन सॉफ्टवेअर आणि दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर पहारा देणारे. सगळं बंद करा; मात्र अर्धवट भरलेला फॉर्म आधी सेव्ह करा, शेतकऱ्याचा शाप घेऊन गेम जिंकता येत नाही.

एवढं करूनही आकडा हलला नाही, तर दोषी कोण ते ठरवायचं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे उसाच्या फडातल्या कोयत्यासारखे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीसारखे असतात: एक ऊस तोडतो, दुसरी मोळ्या बांधते. एकाचा हात मंदावला की दुसरं नुसतं उभं राहतं आणि ट्रक भरत नाही. गेममध्ये रिझोल्यूशन 1080 वरून 720 करून बघा. ठिपके साधारण 20.7 लाखांवरून 9.2 लाखांवर येतात, म्हणजे कार्डचं ओझं निम्म्याहून कमी. एफपीएस वाढला तर कार्ड थकलंय. सावल्या आणि गवत कमी करा. तसाच राहिला तर प्रोसेसर थकलाय, आणि मग कितीही महाग कार्ड आणलं तरी ते उभंच राहणार. पंचायतीच्या लिलावातून आलेल्या जुन्या ऑफिस-मशीनमध्ये बहुधा हेच निघतं.

कार्ड घ्यायचंच ठरलं, तर आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचा. जीटीएक्स 1650 ला 75 वॉट पुरतात. आरएक्स 580 ला 185 च्या आसपास लागतात, वर वेगळी वायरही. सेकंडहँड बाजारात 580 स्वस्त दिसेल. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असली ढीगभर कार्डं विकायला आली. सगळीच वाईट नसतात. पण दुकानातच अर्धा तास गेम चालवून, तापमान बघूनच पैसे द्या. ‘तेवढा वेळ नाही भाऊ’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि मिळेल त्या एसटीने घरी या.