तेलातली चकली तुपात घालणाऱ्या प्रॉम्प्टगुरूंना खुले पत्र

प्रॉम्प्टगुरू,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार'ने करायची रीत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

आम्ही डोंबिवलीत पाच जणी मिळून दिवाळीचा फराळ करून विकतो. तुमच्या एका दिवसाच्या शिबिराला आलो आणि उठताना प्रत्येकीने 499 रुपये मोजून '500 तयार प्रॉम्प्ट'ची पीडीएफ घेतली. धंदा दुप्पट होईल, असं तुम्ही माइकवरून सांगितलं होतं.

त्यातला एक प्रॉम्प्ट मी चॅटजीपीटीला जसाच्या तसा दिला. 'तू जगातला सर्वोत्तम मार्केटिंग तज्ज्ञ आहेस. माझ्या उत्पादनासाठी मन जिंकणारा संदेश लिही.' 'उत्पादन' खोडून तिथे मालाचं नाव टाका, एवढंच तुम्ही शिकवलं होतं. मी 'चकली' टाकलं. उत्तर आलं, 'आजीच्या हातची, शुद्ध साजूक तुपात तळलेली खमंग चकली.' व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात. आमची यादी भरलेली होती. संदेश सगळ्यांना गेला.

आमची चकली शेंगदाण्याच्या तेलात तळतात.

पहिला फोन आला, 'ताई, तुपातली असून याच भावात देता?' दुसरा एका आईचा होता. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी, म्हणून ती दरवर्षी आमची चकली टाळायची. यंदा तुपातली आहे म्हटल्यावर अर्धा किलो सांगायला तिने फोन केला होता. तिला खरं सांगून फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. घाणा तसाच थांबवून आम्ही पाचही जणी दुपारभर एकेका गिऱ्हाइकाला फोन करत बसलो. खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे तुमच्या पीडीएफच्या कुठल्या पानावर आहे?

यंत्राला मी दोष देत नाही. आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे जोखत ते लिहीत जातं. चकली आणि आजी आली की मागोमाग साजूक तूप येणारच. आपण जे सांगत नाही, ते यंत्र स्वतःच्या मनाने भरतं. शिबिरात शिकवण्यासारखी गोष्ट ही होती. तुम्ही मात्र आम्हाला यंत्राला 'सर्वोत्तम तज्ज्ञ' म्हणायला शिकवलंत! आमच्यातली प्रत्येक जण भाजणीचं माप वाटीने मोजते, मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते हे जाणते. त्या बायकांना तुम्ही एका शब्दावर काम भागवायला लावलंत.

आता मी काय लिहिते ते वाचा. 'भाजणीची चकली. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरे. शेंगदाण्याच्या तेलात तळलेली, हे संदेशात ठळक सांग. अर्धा किलोचं पाकीट. वाचणाऱ्या बहुतेक नोकरी करणाऱ्या बायका, जुन्या गिऱ्हाईक. पाच ओळी, घरगुती मराठी. आजी, तूप, पौष्टिक हे शब्द नकोत. मी न सांगितलेलं काही लिहू नकोस, अडलं तर मला विचार. खाली माझे मागच्या वर्षीचे दोन संदेश आहेत, तशीच भाषा ठेव.' हे लिहायला दहा मिनिटं लागली. यंत्राने उलट विचारलं, 'भाव आणि ऑर्डरची शेवटची तारीख काय?' त्या दोन्ही गोष्टी मीच विसरले होते.

आणखी एक. पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आमच्यातल्या एकीने तुमचाच 'हिशेबाचा प्रॉम्प्ट' वापरला, तर उत्तरात 12 टक्केच आले. यंत्राची माहिती एका तारखेपाशी थांबलेली असते. दर, नियम, भाव आपणच प्रॉम्प्टमध्ये लिहून द्यायचे असतात. तुमच्या 500 प्रॉम्प्टपैकी एकातही ही सूचना नाही. मी सगळे वाचले.

पाच जणींचे मिळून 2,495 रुपये होतात, ते परत करा. आणि पुढचं शिबिर घेणारच असाल, तर मोबाइल उघडायला लावण्याआधी प्रत्येकीला तिच्या मालाचं लेबल समोर ठेवायला सांगा.