नवशिक्यांसाठी पॉइंटविधी

साहित्य : पगाराची स्लिप, पॅनकार्ड, सिबिलचा साडेसातशेच्या पुढचा आकडा, बारीक अक्षरं वाचायचा चष्मा, एक एक्सेल शीट आणि आयटीत नोकरीला असलेला एक मावसभाऊ. मावसभाऊ हिंजवडीचा मिळाल्यास उत्तम.

आधी मावसभाऊ घ्यावा. त्याच्याकडे अकरा कार्डं असतात आणि तो लग्नाच्या पंगतीत नेमका शेजारी येऊन बसतो. जिलबी वाढून होईपर्यंत तो गप्प असतो. मग विचारतो, "दादा, हॉलचे तीन लाख कशावर भरलेस?" तुम्ही म्हणता, चेकने. तो हातातला घास खाली ठेवतो आणि पेशंटला उशिरा आणल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसा तुमच्याकडे बघतो. "सहा हजार पॉइंट गेले रे."

ते सहा हजार पॉइंट माझे कधीच नव्हते. तरी ते गेल्याचं दुःख मला मठ्ठ्यापर्यंत पुरलं. असं दुःख झालं की दीक्षा मिळाली असं समजावं आणि पुढे वाचावं. झालं नसेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. सुखाने चेक फाडत राहा.

आता वस्तू ओळखून घेऊ. चार्ज कार्ड आणि क्रेडिट कार्ड या दोन वेगळ्या जाती आहेत, पण दिसतात सारख्या. क्रेडिट कार्डाचं बिल थोडं भरून बाकीचं पुढच्या महिन्यावर ढकलता येतं. या ढकलण्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि त्या व्याजावर आणखी १८ टक्के जीएसटी. चार्ज कार्डात ढकलायची सोयच नाही. महिन्याचं सगळं बिल एकरकमी चुकतं करायचं. मात्र खर्चाची मर्यादा आधी ठरवून दिलेली नसते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं शिकलेल्या माणसाला हे फार अवघड जातं, कारण इथे अंथरूण दाखवतच नाहीत. पाय पसरल्यावर कळतं.

हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत असेल, तर ते पाहिलेलंच आहे. डोंबिवलीत आमच्या चाळीखाली वाण्याचं दुकान होतं. त्याच्याकडे लाल कापडाच्या बांधणीची लांबुळकी वही होती आणि तिच्यात प्रत्येक बिऱ्हाडाचं एक पान. आई मला पिटाळायची : "पाव किलो शेंगदाणे घेऊन ये, लिहून ठेवा म्हणावं." एक तारखेला पगार, दोन तारखेला बाबा पान चुकतं करत. व्याज नाही. मर्यादाही लिहिलेली नाही, पण ती होती. पान तळाशी येऊ लागलं की वाणी पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता सहज विचारायचा, "बाबा गावाला गेलेत का रे?" आज कार्डाच्या अॅपमध्ये अमुक रक्कम चालेल का, हे आधी विचारून घ्यायची सोय असते. ती त्या प्रश्नाची नात.

रिवॉर्डही होता. दोन तारखेला मी बाबांबरोबर गेलो तर लिमलेटची एक गोळी, आणि दिवाळीला सगळ्या बिऱ्हाडांना एकेक कॅलेंडर. गोळी खर्चाच्या प्रमाणात मिळत नसे. दोनशेचं पान असो की साडेतीनशेचं, गोळी एकच. त्यामुळे जास्त गोळ्यांसाठी जास्त शेंगदाणे आणावेत, असं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. वाण्यालाही सुचलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये ही वही निघायला १९५० साल उजाडलं. फ्रँक मॅकनमारा नावाच्या गृहस्थांनी डायनर्स क्लब काढला. ते हॉटेलात जेवले आणि पाकीट घरी राहिलं म्हणून त्यांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. ती नंतर जाहिरातीसाठी रचली असंही सांगतात. पहिलं कार्ड पुठ्ठ्याचं होतं. अमेरिकन एक्सप्रेस ही मूळची १८५० पासून मालाची ने-आण करणारी कंपनी. तिने १९५८ मध्ये आपलं कार्ड काढलं. भारतात डायनर्स १९६१ मध्ये आलं. लिमलेटच्या गोळीचे पॉइंट व्हायला मात्र आणखी बराच काळ गेला.

आता निवड. कार्ड कधीही विमानतळावरच्या स्टॉलवर, टाय लावलेल्या आणि सकाळपासून उभ्या असलेल्या मुलाची दया येऊन घेऊ नये. मी तसंच घेतलं. आधी फी बघावी. समजा वार्षिक फी ४,५०० रुपये आहे. जीएसटी धरून ५,३१० झाले. पन्नास रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे धरली, तर ही फी भरून निघायला तुम्हाला १० लाख ६२ हजार रुपये खर्च करावे लागतील. एवढं केल्यावर तुम्ही शून्यावर येता. कार्ड न घेणारा माणूस तिथे आधीपासून बसलेला असतो, चहा पीत.

"पण वेलकम गिफ्ट?" असं मावसभाऊ विचारेल. वेलकम गिफ्ट बहुतेक वेळा फी भरल्यावर येतं. म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. फक्त इथे कोहळ्यावर जीएसटीही आपणच भरतो.

फीच्या खालची यादी तिच्याहून मोठी असते. कशावर पॉइंट मिळत नाहीत, ती यादी. थोड्याफार फरकाने बहुतेक कार्डांवर ती अशी दिसते : पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, कुठे विमा, कुठे वीजबिल, कुठे सोनं, कुठे शाळेची फी. आपलं महिन्याचं घरखर्चाचं टिपण शेजारी ठेवून बघावं. दोन्ही कागद एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात. उलट बाहेरचं जेवण, विमानाची तिकिटं आणि ऑनलाइन कपडे यांवर दुप्पट, पाचपट, कधी दहापट. तुम्ही जगता कसे याचे पॉइंट कुणी देत नाही. तुम्ही कसं जगावं अशी त्यांची इच्छा आहे, त्याचे देतात.

दुकान कोणत्या खात्यात मोडतं, हेही आपल्या हातात नसतं. कार्डाच्या दुनियेत प्रत्येक दुकानाला चार आकडी गोत्र असतं. किराण्याचं ५४११, रेस्टॉरंटचं ५८१२, पेट्रोल पंपाचं ५५४१, औषधांच्या दुकानाचं ५९१२. तुम्ही काय घेतलं ते बघत नाहीत, गोत्र बघतात. मेडिकलमध्ये घेतलेला बिस्किटांचा पुडा औषध म्हणून जातो. मावसभावाला त्याच्या भागातल्या दुकानांची गोत्रं पाठ आहेत. त्याच्या लग्नाचं जमवताना आम्ही इतकं बघितलं नव्हतं.

जमवण्याची कृती. पन्नास रुपयांना एक पॉइंट म्हणजे एकोणपन्नासला शून्य, आणि एकशे नव्याण्णवला तीनच. हे एकदा कळलं की माणसाची झोप जाते. १,४९८ रुपयांचं बिल झालं की काउंटरवर थांबून, मागच्या रांगेकडे पाठ करून, आजूबाजूला काहीतरी शोधावं. मी अशा काडेपेट्या घेतल्या. आमच्याकडे गॅसला लायटर आहे. एक कप्पा काडेपेट्यांनी भरल्यावर बायकोने विचारलं, "काय पेटवायचंय?"

काही कार्डांवर महिन्यात ठरावीक वेळा ठरावीक रकमेचा खर्च केला की जादा पॉइंट मिळतात. मग तीस तारखेला रात्री साडेअकराला तुम्ही मोबाइलवर हजार रुपयांचं काहीतरी शोधत बसता. याला मावसभाऊ "स्पेंड पूर्ण करणं" म्हणतो. नवस पूर्ण करतात त्याच सुरात म्हणतो.

या पंथाचे एक आदिपुरुष आहेत, त्यांची कथा प्रत्येक नवशिक्याला ऐकवतात. कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स, पेशाने इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने ठरावीक लेबलं पाठवली की विमानाचे मैल देऊ केले. फिलिप्सना पाव डॉलरला मिळणारं पुडिंग सापडलं, त्यांनी हिशेब केला आणि पुडिंगच्या १२,१५० वाट्या विकत घेतल्या. तीन हजार डॉलरच्या आसपास खर्च आला आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळाले. मावसभाऊ इथे थांबतो. पुढचं मी वाचून काढलं. मुदतीच्या आत एवढी लेबलं सोलणार कोण? त्यांनी साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेच्या लोकांना पुडिंग देऊन टाकलं आणि बदल्यात लेबलं सोलून घेतली. मला या कथेत मैलांपेक्षा तो सौदा आवडतो. त्यांनी कंपनीच्या जाहिरातीवर विश्वास ठेवला नाही, फक्त तिचं गणित तपासलं. आणि असं गणित चुकणारी कंपनी रोज सापडत नाही. काडेपेट्या घेताना मी स्वतःला फिलिप्स समजत होतो. माझ्या काडेपेटीवर मैल नव्हते.

लाउंज. हा विधीतला सर्वांत आवडता भाग, कारण इथे जेवण आहे. कार्ड दाखवून विमानतळाच्या लाउंजमध्ये जाता येतं. यंत्र खात्यातून दोन रुपये कापून घेतं, आणि तेवढ्यात पोहे, इडली, पास्ता, आणि काचेच्या बरणीतल्या कुकीज. एका तासाच्या विमानासाठी साडेतीन तास आधी निघावं. रांग लाउंजच्या दारापासून सुरू होऊन चपलांच्या दुकानापर्यंत जाते. रांगेत सगळेच असे उभे असतात, जणू ते इथे कुणालातरी सोडायला आलेत. आत गेल्यावर भूक नसली तरी खावं. कुणी ओळखीचं दिसलं तर ताटली वर्तमानपत्राखाली सरकवावी. अलीकडे बऱ्याच कार्डांनी अट घातली आहे की आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच आत सोडू. म्हणजे फुकटच्या पोह्यांसाठी आधी पंच्याहत्तर हजारांची खरेदी. आमची आई म्हणते, एवढ्यात गावजेवण होतं.

एक धोक्याची सूचना मधेच देतो, नाहीतर राहून जाईल. बिलावर ठळक अक्षरांत "किमान देय रक्कम" असते, साधारण पाच टक्के. ती वाचू नये. ती भरून निश्चिंत झालेल्या माणसाला प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, आणि त्यापुढे आयुष्यभराचे पॉइंट म्हणजे लिमलेटची गोळी. तुमचं क्रेडिट कार्ड असलं तरी ते चार्ज कार्डच आहे असं समजून वागावं. एखाद्या महिन्यात तारीख चुकली तर घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच उशिराचा दंड लावता येतो. पण ही गोष्ट मावसभावाला सांगू नये, तो तीन दिवसांचंही व्याज काढून दाखवतो.

आता पॉइंट खर्च करायचे. इथे बहुतेक नवशिके अडतात, कारण जमवलेलं मोडायचं आपल्याला शिकवलेलंच नाही. लॉकरमधल्या पाटल्यांसारखे आपण पॉइंट ठेवून देतो. पण पाटल्या वाढतात, पॉइंट आटतात. एका ईमेलने पॉइंटची किंमत उतरते, आणि त्या ईमेलचा विषय असतो "तुमच्यासाठी आणखी चांगल्या सुविधा". २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं उडायची थांबली, तेव्हा कुणाकुणाचे जन्मभराचे मैल जमिनीवरच राहिले. तेव्हा मोडावेत, लवकर मोडावेत. बिलात वळते केले तर पॉइंटचे २०-२५ पैसे येतात. व्हाउचर घेतलं तर थोडे जास्त. विमान कंपनीकडे किंवा हॉटेलांकडे पाठवले आणि तारखा जुळल्या तर रुपयापर्यंत. तारखा मुलांच्या शाळेच्या सुट्टीत जुळत नाहीत. जून-जुलैच्या मंगळवारी जुळतात.

मी शेवटचा पर्याय घेतला, कॅटलॉगमधली वस्तू. एकोणीस महिने जमवलेल्या ११,८०० पॉइंटांवर टोस्टर मागवला. हाताळणीची फी ९९ रुपये, वर जीएसटी, एकूण ११६ रुपये ८२ पैसे. तोच टोस्टर बाजारात एकोणीसशेला होता, हे घरी खोका उघडताना कळलं.

"केवढ्याला?" आईने विचारलं.

"फुकट."

आईने तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आहे. "पॉइंट किती?" मी सांगितले. "किती रुपयांना एक?" मी तेही सांगितलं. तिने फळ्याकडे बघावं तसं भिंतीकडे बघितलं. "पाच लाख नव्वद हजार. आणि आपल्याकडे पाव खातो कोण?"

टोस्टर माळ्यावर ठेवावा. त्याच्या शेजारी काडेपेट्या मावतात.

मग वर्ष संपत आलं. पुढची फी माफ व्हायला माझ्या वर्षाच्या खर्चात १,१४० रुपये कमी पडत होते आणि हातात एक दिवस होता. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, खाली तेच दुकान, आता वाण्याचा मुलगा बसतो. तांदूळ, तेल, शेंगदाणे घेतले, बिल बाराशेवर नेलं आणि कार्ड पुढे केलं.

त्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील काका. राहू द्या, लिहून ठेवतो."