फाटकाला पहारा, आत मोकळं रान

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे चौदा कोटींहून जास्त रुपये, आयडीबीआय बँकेतल्या तिच्या खात्यातून, सायबर चोरांनी परस्पर वळवले. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला सुमारे ९४ कोटींचा फटका बसला होता. तिथे चोरांनी एटीएम आणि बँकेची मुख्य प्रणाली यांना जोडणारा खोटा स्विच उभा केला. २८ देशांतल्या एटीएमवरून आलेल्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. मधल्यामध्येच ‘द्या पैसे’ असं उत्तर गेलं. दोन यंत्रांच्या बोलण्यात तिसरा बसला आणि कुणाला पत्ता लागला नाही.

अशी बातमी आली की आपल्याकडे संचालक मंडळ एक ठराव हमखास घेतं: फायरवॉल आणा, अँटिव्हायरस बदला. आणा, जरूर आणा. पण फायरवॉल राखतो तो बाहेरचा रस्ता. काउंटरवरचा संगणक आणि आतल्या खोलीतला डोमेन सर्व्हर दिवसभर जे बोलतात, त्याकडे कोण बघतं? नांदेड-लातूरच्या पतसंस्था, कॉलेजं, क्लासेस, दवाखाने यांच्या कारभाऱ्यांना मी हे खडसावून विचारतोय, कारण घुसलेला चोर खरी कमाई तिथेच करतो.

लातूरच्या एखाद्या पतसंस्थेत काय होतं ते बघा. क्लार्क सामायिक फोल्डर उघडायला सर्व्हरचं नाव टाइप करतो आणि एक अक्षर चुकतो. नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरला ते नाव सापडत नाही. मग विंडोज संगणक, मुळातल्या सेटिंगवर असेल तर, आसपासच्या सगळ्यांना विचारतो, ‘या नावाचं कोण आहे?’ नेटवर्कवर व्हायरसने बाधलेला एक जरी संगणक असला, तरी तो सांगतो, ‘मीच.’ क्लार्कचा संगणक विश्वास ठेवतो आणि एनटीएलएम पद्धतीने आपली ओळख पटवायला लागतो. पासवर्ड तारेवरून जात नाही, हे खरं. पण ओळखीचं ते उत्तर चोर तस्सं पुढे खऱ्या सर्व्हरकडे ढकलतो आणि क्लार्कच्या नावाने आत जातो. त्या जागी क्लार्कऐवजी अ‍ॅडमिन असला, तर सगळं घर चोराचं.

यावरचा इलाज जुना आहे आणि विकत घेतलेल्या विंडोजमध्येच आहे. एसएमबी म्हणजे फाइली वाटून घेण्याची पद्धत; तिचं साइनिंग सक्तीचं केलं की प्रत्येक संदेशावर सही लागते. मधल्या चोराकडे सहीची किल्ली नसते, सर्व्हर त्याला हाकलतो. वापरकर्त्यांची यादी विचारण्याच्या एलडॅप पद्धतीलाही तेच करा. नाव विचारत फिरणारी ती एलएलएमएनआरची सवय ग्रुप पॉलिसीतून बंद करा. सही मजकूर झाकत नाही, एवढं लक्षात ठेवा; खातेदारांची कागदपत्रं जिथून ये-जा करतात तिथे एन्क्रिप्शनही हवं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून एसएमबीची सही मुळातच सक्तीची केली. आपल्या काउंटरवर मात्र जुने संगणक बसलेत, तिथे ते हाताने करावं लागतं.

आणि डेस्कटॉपवरचे ते शॉर्टकट! सर्व्हरच्या नावाऐवजी थेट आयपी आकडा घातलेले. ‘असं केलं की पटकन उघडतं,’ म्हणून कुणीतरी कधीतरी करून ठेवलेले. आकडा घातला की कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची भक्कम पद्धत सहसा बाजूला पडते आणि संगणक पुन्हा एनटीएलएमवर येतो. म्हणजे चोराला हवं तेच, आपल्या हाताने.

‘सही सक्तीची केली की जुना स्कॅनर बंद पडतो,’ हे उत्तर मला पाठ झालंय. पडतो कधी कधी, नाकारत नाही. त्यासाठी आधी ऑडिट लॉग चालू करतात, कोण अडकणार ते काही आठवडे बघतात आणि मग सक्ती करतात. एका स्कॅनरसाठी हजारो ठेवीदारांच्या खात्यांची वाट उघडी ठेवणं हा गुन्ह्याइतकाच मोठा हलगर्जीपणा आहे. सोयाबीनची पट्टी आली की शेतकरी ते पैसे याच संस्थांत ठेवतो. प्रोटोकॉलची नावं त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. ज्यांनी त्याचे पैसे घेतले त्यांना ठाऊक असलीच पाहिजेत.

रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ऑक्टोबर २०१८ मध्येच घालून दिली. तेव्हा संचालकहो, पुढच्या बैठकीला तुमच्या आयटीवाल्याला समोर बसवा आणि विचारा: एसएमबी आणि एलडॅपची सही सक्तीची आहे का? एनटीएलएम अजून कोणकोणते संगणक वापरतात? उत्तर लेखी घ्या, खाली तारीख घाला आणि इतिवृत्तात नोंदवा.