एमएच १९, हल्ली मुक्काम स्टुटगार्ट

शेंगेन व्हिसा ९० दिवसांचा. पहिला आठवडा नातवाच्या कौतुकात जातो. उरलेले ८३ दिवस आप्पा खिडकीत बसतात.

हे आप्पा कुणी एक नव्हेत. पोरगा स्टुटगार्टला मोटारींच्या धंद्यात लागला, की जळगावच्या कुठल्याही कॉलनीत एक आप्पा तयार होतो. निवृत्त, मधुमेही, बॅगेत कळण्याचं पीठ आणि डोक्यात मेहरूण तलावाची सकाळची फेरी. पोरगा-सून आठाला कामावर जातात. टीव्ही कळत नाही, खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कळत नाहीत. कळते ती फक्त वाहतूक, कारण अजिंठा चौफुलीवर उभं राहून या माणसाने आयुष्यभर तेवढीच मन लावून पाहिलेली असते.

पहिला शोध नंबरप्लेटचा. गाडी दिसली की आधी तिचं पासिंग वाचायचं, ही आपली जुनी खोड. एमएच १९ आपली, १८ धुळ्याची, ३९ नंदुरबारची. तिथेही तेच निघालं. ‘एस’ म्हणजे स्टुटगार्ट, ‘एम’ म्हणजे म्युनिक, ‘एलबी’ शेजारचं लुडविग्सबुर्ग. मोठ्या शहराला एक अक्षर, लहानाला दोन-तीन. मग एवढ्या मोठ्या हॅम्बुर्गला ‘एचएच’ अशी दोन का, हे पोराला सांगता आलं नाही. तेव्हापासून आप्पांनी त्याच्या शिक्षणाचा विषय काढणं कमी केलंय.

शोध लागला की तो कुणाला तरी कळवावा लागतो. यासाठी धुळ्याला, देवपुरात, व्याही असतात. त्यांना नाना म्हणू. आप्पा वरपक्ष, तेव्हा मान त्यांचा. पण १८ हा आकडा १९ च्या आधी येतो हे नाना दर दिवाळीला आठवण करून देतात. शिवाय अख्खा खान्देश एक जिल्हा होता तेव्हा कचेरी धुळ्याला होती आणि जळगाव १९०६ साली वेगळं निघालं, हेही. त्यामुळे स्टुटगार्टहून जाणारा प्रत्येक व्हॉइस मेसेज थोडा वरच्या पट्टीत असतो.

‘आठे कोनी हॉर्न वाजाडस नही, नाना! रस्ता मोकळा, गाडी एक नाही, अन् बारा माणसं लाल दिव्याकडे बघत उभी. मला वाटलं कोणी गेलं की काय!’

नानांचं उत्तर : ‘गर्दी नाही तर बघता काय तुम्ही दिवसभर?’

हे लागलं. मग आप्पा खिडकी सोडून बाहेर पडले. मारियनप्लाट्झहून डेगरलोखच्या टेकडीवर एक दात्यांची रेल्वे जाते, १८८४ पासूनची. चढण एवढी, की रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे आणि खालचं दातेरी चाक तिला धरून वर चढतं. पण आप्पांना दात्यांचं काही नाही. गाडीच्या पुढे एक उघडा डबा जोडलेला, त्यात नुसत्या सायकली! माणसं मागे बसलेली आणि सायकली सगळ्यांच्या पुढे, नवरदेवासारख्या. आप्पांनी तीन फेऱ्या मारल्या आणि व्हिडिओ पाठवला : ‘लळिंग घाटात दाखवा असं काही.’

दोन दिवस धुळे गप्प. तिसऱ्या दिवशी महामार्गावरून व्हिडिओ आला. साक्रीकडच्या पवनचक्क्यांचं एक पातं ट्रेलरवरून चाललेलं. ट्रेलरचं तोंड वळून दिसेनासं झालं तरी शेपूट अजून आलेलंच नाही. मागे एक माणूस पायी चालतोय, हात हलवून ड्रायव्हरला सांगतोय, आणि दोघांच्या मधल्या फटीतून एक दूधवाला कॅनांसकट मोटारसायकल काढतोय. खाली नानांचा एकच शब्द : ‘बघा.’

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत असं सून सांगते. (तिचं माहेर धुळ्याचं, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.)

शेवटच्या आठवड्यात मात्र नशीब उघडलं. जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता. तिकडे गाडीला ३० वर्षं झाली आणि ती मूळ रूपात जपलेली असली, की नंबराच्या शेवटी ‘एच’ लागतो. आपल्याकडे पंधराव्या वर्षी तिला पुन्हा आरटीओत उभी करतात आणि मालक घाम पुसतो. त्या चकचकीत मर्सिडिजांमध्ये एक तीनचाकी उभी होती. लांब नाक, पुढे एक चाक, मागे हौदा. आप्पा जागच्या जागी ओरडले, ‘अरे, हा तर आपला डुक्कर!’

आणि तो होताच. हॅम्बुर्गला ‘टेम्पो’ नावाचा कारखाना होता; त्याची ही ‘हान्सेआट’. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून ती आपल्याकडे काढली आणि एका कारखान्याचं नाव मराठीत मालवाहू गाडीचं नाव होऊन बसलं. आप्पांनी चारही बाजूंनी फोटो काढले, मालकाला खुणेने विचारून हँडलला हात लावला, आणि धुळ्याला लिहिलं : ‘टेम्पोचं माहेर सापडलं. आता बोला.’

नानांनी फोटो मोठा करून पाहिला असावा. दहा मिनिटांनी विचारलं, ‘माणसं किती बसतात?’

आप्पांनी खरं ते लिहिलं : ‘पुढे दोन. मागे कोणाला बसू देत नाहीत.’

‘मग तो टेम्पो नाही,’ नानांनी कळवलं.