रा. रा. बावीस नंबर गॅस यांस

मुक्काम : जुन्या ए.सी.ची तांब्याची नळी, टिळकवाडी, बेळगाव

सा. न. वि. वि.

सीमाभागातला खरा स्वतंत्र रहिवासी एकच, तो म्हणजे आपण. महाराष्ट्राचे पुढारी बेळगावकडे निघाले की कोगनोळी नाक्यावर अडवले जातात. आपण एकदा नळीतून सुटलात की दोन्ही सरकारांच्या डोक्यावरून निघून जाता.

परवाचीच गोष्ट. थोरल्या बंधूंचा जुना ए.सी. निपाणीला आणायचा होता. मेकॅनिकने बाहेरच्या युनिटचा नट पान्याने ढिला केला. फुस्स! नळीच्या तोंडावर पांढरा बर्फ धरला आणि बघता बघता आपण पसार.

"अहो, गॅस सोडलात?"

"जुना हाय की ओ. तिकडं नवीन भरू."

आपण होतात किलोभर. पण पृथ्वी तापवण्यात आपण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट, म्हणजे त्या एका फुस्सात पावणेदोन टनांहून अधिक हिशेब उरकला! शिवाय ओझोनला भोक पाडण्याची जुनी आवड आहेच. एक वॉल्व्ह बंद करून, ए.सी. थोडा चालवून, मग दुसरा वॉल्व्ह बंद केला असता तर आपल्याला युनिटातच कोंडता आले असते. पण तेवढ्यात पुढचे गिऱ्हाईक गेले असते. दर उन्हाळ्यात "गॅस संपलाय" म्हणून आपली भरती होते, तीही अशीच. ए.सी. काय पेट्रोल पितो? गॅस कमी झाला म्हणजे नळी गळतेय. मात्र गळती शोधायला साबणाचे पाणी आणि सवड लागते; गॅस भरायला नुसते बिलबुक पुरते.

आपल्या घराण्याची नामांतरेही पाहिली. बेळगावचे २०१४ साली बेळगावी झाले, गटारे तीच राहिली. तसे आपल्यामागून ४१० आले : ओझोनला सोवळे, पण तापवण्यात २००० पट, आपल्यालाही वरचढ. ३२ नंबर पावणेसातशेवर उतरले. २९० म्हणजे प्रोपेन, आमच्या शेगडीतल्या गॅसचा सख्खा. तो जवळपास तापवतच नाही, पण पेटतो. म्हणून लोक त्याला भितात आणि त्याला हात लावणारा कारागीर शिकलेला लागतो. आपण न पेटता आभाळ तापवता, म्हणून आपण सज्जन.

२०१६ साली किगालीच्या जागतिक करारात ठरले, २०२१ मध्ये भारताने मान्य केले : ४१०, ३२ अशा आपल्या धाकट्या भावंडांत २०३२ पासून कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के. तारखांचे आम्हाला भय नाही. आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

दुकानाची पाटी मराठीत की कन्नडात, यावरून इथे डोकी फुटतात. आपल्या सिलिंडरावरचा नंबर ना मराठीत, ना कन्नडात. म्हणूनच बहुधा तो कोणी वाचत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो नळीतच राहावा.

आपला,
एक सीमावासी, निपाणी