साहस, सकाळी साडेआठ ते साडेअकरा

कुंडलिका नदीला ऑफिसची वेळ आहे. सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला ती कामावर हजर होते आणि दुपारपर्यंत तिची सुट्टी झालेली असते. संध्याकाळी कोलाडला उगवून "राफ्टिंग करायचंय" म्हणालात, तर तिथला पोरगा तुमच्याकडे दयेने बघतो आणि पात्रातले उघडे पडलेले दगड दाखवतो. पाणी उद्या.

पावसाळा सोडला तर या नदीतला थरार विजेच्या मागणीवर चालतो, आणि मुळात ते पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळेचं. मुळेने रीतसर पूर्वेकडे वाहावं, पुण्यात मुठेला भेटावं, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर, असा तिचा जन्मजात मार्ग. टाटांनी मुळशीला धरण बांधलं, तिचं पाणी पश्चिमेकडे फिरवलं आणि घाटमाथ्यावरून थेट खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. १९२७ पासून हे चालू आहे. वीज मुंबईला जाते, चक्र फिरवून दमलेलं पाणी रावळजेकडे येतं, तिथून सुटलं की रबरी राफ्ट तरंगतात. आपण ज्याच्याकडे बघून 'निसर्गाचं रौद्र रूप' म्हणून किंचाळतो, ते मुंबईच्या एसी-पंख्यांची गरज भागवून उरलेलं पाणी असतं.

याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रहाला बसले होते. धरण झालंच, जमिनी बुडाल्या. राफ्टवरचा गाइड हे सांगत नाही. सांगणार तरी कधी? 'फॉरवर्ड पॅडल' आणि 'होल्ड ऑन' यांच्यामध्ये त्याला जेमतेम एक श्वास घ्यायला मिळतो, आणि त्या श्वासात मागच्या बाकावरचे काका विचारतात, "अरे, जेवणात चिकन आहे ना?"

माझी तक्रार कुंडलिकेबद्दल नाही. बारा-एक किलोमीटरचा तो टप्पा देखणा आहे, आणि राफ्ट चालवणारी आजूबाजूच्या गावांतली पोरं पाणी ओळखून आहेत. तक्रार आपल्याबद्दल आहे. महाराष्ट्र अख्खाच्या अख्खा उष्ण कटिबंधात, सह्याद्री पाठीशी, समुद्र दाराशी, चार महिने पाऊस. एवढं सगळं असताना आपलं साहस मात्र सगळं उसनं. भुशी धरण घ्या. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून ते बांधलं गेलं. इंजिनं भंगारात गेली. पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात आता लोक ढुंगण टेकवून कणसं खातात. झिपलाइन घ्या. १९७० च्या दशकात कोस्टारिकाच्या पावसाळी जंगलात जीवशास्त्रज्ञ झाडांच्या शेंड्यांवरची दुनिया बघायला दोर लावून वर चढले, दोरांवरून या झाडावरून त्या झाडावर जायला लागले. त्यातूनच तिथला धंदा उभा राहिला. तो फिरत फिरत आपल्याकडे आला तेव्हा वाटेत जंगल गळून पडलं. आपली झिपलाइन रिसॉर्टच्या गच्चीवरून निघते, पार्किंगवरून जाते आणि मिसळीच्या टपरीपाशी उतरते. खाली दिसणारे दुर्मीळ प्राणी म्हणजे ड्रायव्हर लोक, गाडीच्या डिकीत डबा खाणारे.

किल्ल्यांचं तर विचारूच नका. त्र्यंबकेश्वराजवळचा हरिहर. ज्यांनी त्याच्या पायऱ्या कोरल्या, त्यांना एकच हवं होतं: वर कुणी सहज येऊ नये. म्हणून जिना असा उभा, की चढताना समोरच्या पायरीला नाक लागावं. प्रत्येक पायरीत बोटं रुतवायला खोबण्या आहेत. हात खोबणीत, पाय खोबणीत, पाठीला दरी. १८१८ मध्ये इंग्रजांनी आसपासच्या गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. शत्रू चढू शकणार नाही अशी ही वाट मात्र वाचली. आता पावसाळ्यातल्या रविवारी तिच्यावर संध्याकाळच्या सहाचा दादरचा पूल असतो. वर जाणारे वर जाऊ शकत नाहीत, उतरणारे उतरू शकत नाहीत, मधल्या पायरीवर एक ताई दोन्ही हात सोडून फोन धरून उभ्या, आणि खालून कुणीतरी ओरडतं, "ओ, पटकन घ्या की फोटो!" वाट एकाच माणसाची. आपण तिथे दोन्ही दिशांनी बॅच सोडतो, कारण बॅच भरल्याशिवाय बस परवडत नाही.

बॅच हे आजच्या साहसाचं खरं एकक. पूर्वी डोंगरात जाणारी माणसं चार-पाच असायची, त्यातल्या एकाला वाट ठाऊक असायची, आणि चुकलं की सगळे मिळून त्याला शिव्या घालायचे. आता ग्रुपवर पोस्टर पडतं: 'नाइट ट्रेक, काजवे, कॅम्पफायर, अनलिमिटेड पोहे'. माणशी दर ठरलेला, लीडर कॉलेजातला, त्याच्या हाताखाली चाळीस डोकी. अंधारात चाळीस डोकी मोजणं हे त्या रात्रीचं सर्वांत मोठं साहस असतं आणि ते तो पोरगा एकट्याने करतो. बाकीचे काजव्यांवर बॅटऱ्या मारतात.

मालवणकडे या. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं चांगलं स्कूबा केंद्र आहे, शिकायचं असेल तर रीतसर शिकता येतं, त्याला दिवस लागतात. ते दिवस कुणाकडे आहेत? आपल्याला पंधरा मिनिटांचा समुद्र हवा असतो. होडीतून नेतात, कमरेला वजनाचा पट्टा बांधतात, तोंडात नळी देतात. नाकाने श्वास घ्यायचा नाही, कान दुखले तर नाक दाबून फुंकर मारायची, एवढं शिक्षण झालं की खाली. तिथला स्थानिक डायव्हर तुमच्या टाकीचं मानगूट धरून तुम्हाला हव्या त्या दिशेला वळवतो. हात-पाय हलवायचे की नाही हेसुद्धा तोच ठरवतो. दुसऱ्याच्या हातात ब्रेड. मासे ब्रेडपाशी येतात, तुम्ही माशांपाशी, कॅमेरा तुमच्यापाशी. पोटात मैदा घेऊन हिंडणाऱ्या त्या माशांविषयी कुणी विचारत नाही.

पाण्याखालच्या खुणा होडीत शिकवतात, तेव्हा सगळे मान डोलावतात. अंगठा आणि तर्जनीचं वाटोळं म्हणजे 'ठीक आहे'. वर केलेला अंगठा म्हणजे 'मला वर घ्या'. पण मराठी माणसाचा अंगठा व्हॉट्सॲपवर घडलाय. खाली गेल्यावर रंगीत मासा दिसतो, माणूस हरखतो आणि अंगठा वर करतो: "मस्त!" डायव्हर त्याला वर आणतो. पैसे फिटले.

आता सहीच्या फॉर्मकडे येऊ, कारण या सगळ्या व्यवहाराचा जीव त्यात आहे. राफ्ट असो, स्कूबा असो, कामशेतचं पॅराग्लायडिंग असो, एक कागद पुढे येतो. इंग्रजीत, बारीक टायपात, झेरॉक्सची झेरॉक्स. मथितार्थ असा: मी माझ्या मर्जीने, माझ्या जबाबदारीवर हे करतो आहे आणि मला काही झालं तर आयोजकांचा त्यात काही संबंध नाही. खाली आजारांची यादी. दमा? नाही. रक्तदाब? नाही. हृदयविकार? छे. मग खिशातली गोळी कसली? ॲसिडिटीची. सही. बायकोचीही सही आपणच. मुलाच्या वयाच्या रकान्यात त्या दिवशी जे वय चालतं ते.

घर भाड्याने घेताना करारातला प्रत्येक शब्द वकिलाला दाखवणारा माणूस स्वतःचा जीव उघड्यावर ठेवताना पेन कुणाचं आहे एवढंच विचारतो. आणि आयोजकाला वाटतं की सही झाली, आपण सुटलो. सुटत नाही. निष्काळजीपणामुळे माणूस गेला तर तो गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि मेलेल्याने आधी सही करून ठेवली म्हणून तो माफ होत नाही. हा फॉर्म दोघांनाही खोटा धीर देतो. गिऱ्हाइकाला वाटतं, कागद आहे म्हणजे सगळं रीतसर असणार. मालकाला वाटतं, कागद आहे म्हणजे हेल्मेटचा पट्टा तुटला तरी चालेल.

ते हेल्मेट एकदा नीट बघा. आतला स्पंज आधीच्या माणसाच्या घामाने ओला, हनुवटीखालची क्लिप कधीच गेलेली, तिच्या जागी गाठ. लाइफ जॅकेटच्या तीन बकलांपैकी एक बेपत्ता. तुम्ही ते दाखवता. दादा म्हणतात, "काही होत नाही." आपल्याकडच्या साहसी पर्यटनाचं हे ब्रीदवाक्य आहे आणि ते कुठल्याही फॉर्मवर छापलेलं नसतं.

होतं मात्र. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची स्कूबाची होडी उलटून दोघे गेले. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेलं पॅराग्लायडर कोसळलं, पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट दोघेही गेले. परवानगी कुणी दिली होती, हा प्रश्न दर वेळी नंतर विचारला जातो. आधी विचारायला कुणाला वेळ असतो? नाश्ता सुटलेला असतो.

सरकार यात काहीच करत नाही असं म्हणणं अन्याय होईल. सरकार आदेश काढतं. पावसाळा आला की जिल्हाधिकारी धबधब्यांवर जमावबंदी लावतात. पूर्वी कलम १४४ खाली लावायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली लावतात. कलम बदललं, धबधबा तोच. पाण्यात उतरू नका, कड्यावर सेल्फी नको, मद्य नको, धांगडधिंगा नको. आणि त्याच सुमाराला पर्यटनाच्या जाहिरातीत तोच धबधबा, त्याच्याखाली हात पसरून उभी असलेली ओली, हसरी तरुणी, आणि निमंत्रण. आदेश वाचतो तो पोलीस आणि जाहिरात वाचतो तो पर्यटक, दोघे घाटात समोरासमोर येतात. मग एक शिट्टी फुंकतो आणि दुसरा गाडी थोडी पुढे नेऊन लावतो.

बंदी सोपी असते. तिला माणूस लागत नाही, दोर लागत नाही, पगार लागत नाही. एक सही पुरते. धबधब्यावर चार जीवरक्षक नेमा, म्हटलं की तरतुदीचा प्रश्न येतो. मग दरीत कुणी अडकलं की फोन कुणाला जातो? लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र'च्या पोरांना. ही मंडळी आपापले नोकरी-धंदे सांभाळून, रात्री-अपरात्री, भर पावसात दोर घेऊन दरीत उतरतात. स्वयंसेवक म्हणून. या राज्यात खरं साहस करणारे बहुधा तेवढेच, आणि ते कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाहीत. त्यांनी वर काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी 'मौत को छूके आया' अशी रील टाकतो, आणि तिच्याखाली चौकशी येते, "भाई, लोकेशन?"

धोरणही आहे बरं का. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हींवरच्या उद्योगांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, साधनं आणि माणसं कशी असावीत त्याचे निकष पाळायचे. कागद उत्तम आहे. ज्यांचे दोर चांगले, माणसं शिकलेली, त्यांना तो पाळणं जड नाही. ज्याचं अख्खं कार्यालय एका फोन नंबरात आणि एका पोस्टरात आहे, त्याला हे धोरण अजून भेटायचंय. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून त्याला ते कधीच भेटू देत नाही, कारण तो दोनशे रुपयांनी स्वस्त असतो.

साहस उसनं असायलाही माझी हरकत नाही. सैनिकांच्या पायऱ्या, रेल्वेचं धरण, टाटांचं पाणी, शास्त्रज्ञांचे दोर, सगळं खुशाल वापरावं. पण ज्यांनी ते केलं त्यांनी हिशोब पक्का केला होता. हरिहरच्या पाथरवटाने खोबणी नेमकी जिथे हात पोचतो तिथेच कोरली आहे. आपण त्याच्या कामात भर घातली ती काय, तर ड्रोनची.

तेव्हा मंडळी, पुढच्या शनिवारी निघाल तेव्हा पोह्यांच्या आधी तीन गोष्टी विचारा. संचालनालयाचं नोंदणीपत्र दाखवा. एका लीडरमागे किती माणसं, ते सांगा. आणि काही झालं तर दोर घेऊन कोण येणार, त्याचं नाव द्या. तिन्हींना सरळ उत्तर मिळालं तर खुशाल सही करा. "काही होत नाही" हे उत्तर आलं, तर पैसे परत मागा आणि गाडी वळवा.