बैठकीतला बार

पूर्णेत बैठकीच्या भिंतीवर काय टांगावं, हे ठरलेलं असतं. समोर बुद्ध आणि बाबासाहेब, किंवा लक्ष्मी, किंवा फेट्यातले आजोबा. बाजूला कालनिर्णय. घर नवं असेल तर धावणारे सात पांढरे घोडे. त्यांची तोंडं घराच्या आत हवीत, नाहीतर पैसा दारातून बाहेर धावतो म्हणे. आमच्या नव्या घरात घोडे आलेच नाहीत. आली ती फळांची थाळी, आणि तीही कुणीतरी आपटल्यासारखी.

पुण्यात नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी वास्तुशांतीची भेट म्हणून ती पाठवली. जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराच्या 'फळांची थाळी आणि पेला' या 1912 सालच्या चित्राची छापील प्रत, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळलेली. चौकट गावातच करायची होती. फ्रेमवाल्याने कागद उलगडून कोपऱ्यांवर काचेचे तुकडे ठेवले, पट्ट्यांचे नमुने काढले, फुटाचा भाव सांगितला, चित्राकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वर हाराला खिळा ठोकू का?"

घरी आईने चष्मा पुसून पाहिलं. "काय काढलंय रे हे?"

"द्राक्षं आहेत, आई."

"कुठायत?"

मी बोट ठेवून दाखवली. तिने सौजन्य म्हणून मान हलवली. शेजारच्या काकूंची नजर मात्र द्राक्षांवर न जाता इंग्रजी अक्षरांवर गेली. "बी.ए... पुढं आर. बी.ए. कोण झालं म्हणायचं तुमच्यात?" मेव्हण्यांनी तिन्ही अक्षरं एका दमात वाचली आणि ते ओरडले, "बार! अहो दाजी, बैठकीत बारची पाटी लावलीत!" एवढ्यावर थांबते तर बरं झालं असतं. चित्रात आणखी एके ठिकाणी 'एल' असं लिहिलेलं आहे. ती बिअरचीच एक जात असते, हेही त्यांनी सांगून टाकलं. हे त्यांना कसं ठाऊक, या विषयावर आमच्या बहिणीने त्यांना जे विचारलं, ते आतल्या खोलीत विचारलं.

अक्षरांचा एक फायदा झाला, वरची बाजू कुठली ते कळलं. नाहीतर 1961 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीसचं नावेचं चित्र 47 दिवस उलटं लटकत होतं, तिथे आमची काय कथा! राहिला प्रश्न वास्तुशास्त्राचा. फळं कोणत्या दिशेला तोंड करून हवीत, असं एका पाहुण्यांनी विचारलं. मी म्हणालो, या चित्रात सगळ्या दिशा एकदमच आहेत, कुठेही लावा.

थट्टा सोडली तर घनवाद, म्हणजे ब्राकची ही शैली, तेवढीच आहे. टेबल वरून, पेला बाजूने, थाळी समोरून, आणि सगळं एकाच कागदावर. पूर्णा स्टेशन परभणीकडून येणाऱ्याला एक दिसतं, नांदेडकडून दुसरं, हिंगोलीकडून तिसरंच. तिन्ही खिडक्यांतले फोटो कापून एकावर एक चिकटवले की झालं ब्राकचं चित्र. पूर्णेच्या माणसाला हे अवघड वाटू नये. वाटतं, तो भाग वेगळा.

"आपल्या भागात कोण काढतं हो असलं निर्जीव?" मेव्हणे बाहेर आल्यावर म्हणाले. मी त्यांना कृष्णाजी आरा सांगितले. जन्म 1914, गाव बोलारम, म्हणजे आमच्याच लाइनवर, निजामाबादच्या पुढे. लहानपणी घरून पळून मुंबईला गेले, घरगडी म्हणून राबले, 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते आणि फुलदाण्या नि फळं रंगवून मोठे झाले. "त्यांच्या फुलदाण्या धड असतात का?" धड असतात, हे मला कबूल करावं लागलं.

छापील चित्राला मात्र कुणी नावं ठेवू नयेत. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून आपल्या घरोघरच्या लक्ष्म्या छापीलच आहेत, आणि त्यांनी कुणाला कमी आशीर्वाद दिल्याचं ऐकिवात नाही.

या ब्राकचा बाप आणि आजा घरं रंगवणारे रंगारी. पोरगाही तेच शिकला; साध्या फळीवर रंगाने भारी लाकडाच्या रेषा ओढायची कला त्याच्या हातात होती. 1912 मध्ये तो आणि पिकासो दक्षिण फ्रान्समध्ये मुक्कामाला होते. आव्हिन्याँच्या एका दुकानात त्याला भिंतीला लावायचा कागद दिसला, ओकच्या लाकडाचा भास देणारा. दोस्ती घट्ट होती, पण धंदा तो धंदा. पिकासो पॅरिसला जाईपर्यंत हा गप्प बसला, मग जाऊन कागद घेऊन आला आणि तुकडे कापून त्याने चित्रात चिकटवले. आमच्या बाजारपेठेत हा माणूस सहज टिकला असता.

म्हणजे आता आमच्या भिंतीवर लाकडाची नक्कल करणारा कागद, त्या कागदाच्या चित्राची छापील नक्कल, भोवती लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची पट्टी, आणि खाली सनमाइकाचं टीव्ही युनिट. या सगळ्यात खरं लाकूड एकच: खिळा हलू नये म्हणून भोकात कोंबलेली कपची.

हे चित्र पहिल्या नजरेत कळलं ते फक्त सुतारमामांना. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवायला आले होते. चहाचा कप हातात घेऊन चित्रासमोर उभे राहिले, काचेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ओकचं शीट हाय. पण सलग नाही लावलं. माल कमी पडला असंल गड्याला."

शंभर वर्षांत ब्राकवर एवढं थेट कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. मी भारावून गेलो. बायकोने भाव विचारला.

"टीव्हीमागची भिंत सगळी याच डिझाइनमध्ये करून देतो, वहिनी. वर हे लटकवलं की जोड दिसायचा बी नाही. आन् त्या बारवर एक बारीक पट्टी मारतो, उरलेल्या तुकड्यातली. तिचे पैसे नकोत."

"मारा, मारा," आतून आई म्हणाली.

मामा मोजपट्टी काढून अक्षरांचं माप घेऊ लागले. पट्टी काचेच्या आतून मारायची की बाहेरून, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.